बुंदीची फिट आणि पांढऱ्या पावाची गोष्ट

बुंदीला पहिली फिट आली तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते. किती वाजता आली ते मी छातीठोकपणे सांगू शकतो. किती वेळ टिकली ते मात्र आजही सांगता येत नाही, आणि खरं तर महत्त्वाचं तेच होतं.

बुंदी आमच्याच गल्लीत जन्मलेली, बेसनाच्या रंगाची गावठी कुत्री. तेव्हा ती तीन वर्षांची होती. पलंगाखाली धप्पकन आवाज झाला म्हणून मी दिवा लावला, तर ती आडवी पडलेली, चारही पाय ताठ, मान मागे वळलेली. मग पाय सायकल चालवल्यासारखे हलायला लागले, जबडा कटकट वाजायला लागला, तोंडातून फेस, खाली लघवीचं थारोळं. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ती नव्हती.

मी ओरडलो असणार, कारण समोरच्या फ्लॅटमधले काका हातात चप्पल घेऊनच आले. "हुंगव, हुंगव आधी!" त्यांच्या मागून काकू फोडलेला कांदा घेऊन. आई देवाचं नाव घेत होती. जीभ घशात जाईल म्हणून मी बुंदीच्या तोंडात बोटं घालायला गेलो आणि अंगठ्याला दोन दात चांगले लागले. वॉचमनने दारातूनच निकाल दिला, "पिसाळलीय. बाहेरून कडी घाला."

थोड्या वेळाने ती उठली. भिंतीवर आपटली, टीपॉयभोवती गोल गोल फिरली, मला ओळखलं नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "किती मिनिटं चालली?"

"दहा-पंधरा तरी."

"तेवढी चालली असती तर ती आत्ता उठून फिरत नसती. तुम्हाला दहा वाटली, असेल दीड-दोन. पुढच्या वेळी घड्याळ बघा. आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा."

पुढच्या वेळी! आणि वर व्हिडिओ! मला त्या माणसाचा रागच आला.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता, बी विंगमधली कुत्री पिसाळली आहे, मुलांना खाली सोडू नये. संध्याकाळपर्यंत "तिची व्यवस्था" करण्याची भाषा सुरू झाली. मी बुंदीच्या रेबीजच्या लसीच्या कार्डाचा फोटो टाकला. त्यावर तीन अंगठे आले आणि एक प्रश्न, "पण मग तिला झालं काय?"

उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मला इतिहास वाचायची खोड आहे, त्यामुळे औषधं सुरू झाली तसं मी वाचायला लागलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे. त्यात एक गोष्ट अशी सापडली की ती मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे. पण तिच्याआधी थोडं मागे जावं लागेल.

आकडी, फेफरं, फिट, अपस्मार अशी या दुखण्याला आपल्याकडे बरीच नावं आहेत. अपस्मार या शब्दातच स्मृती निघून जाणं आहे. चरकसंहितेत त्याच्या निदानाचा आणि चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. नटराजाच्या मूर्तीत पायाखाली दाबलेला जो बुटका असतो त्याचं नावही अपस्मार. मला दचकवलं ते मात्र गृह्यसूत्रांनी. आपस्तंब आणि हिरण्यकेशी या सूत्रांमध्ये लहान मुलाला 'श्वग्रह' धरतो तेव्हा काय करायचं याचा विधी आहे. श्वग्रह म्हणजे कुत्र्याच्या रूपातला ग्रह. बरेच अभ्यासक ही मुलाची आकडीच असावी असं मानतात. विधी असा की घंटा बडवायची, मुलाला द्यूतशाळेत दाराने न नेता छताला भोक पाडून आत घ्यायचं, फाशांवर उताणं निजवायचं, अंगावर दही आणि मिठाचं पाणी शिंपडायचं. मंत्रांत त्या कुत्र्यालाच विनवणी आहे, की बाबा, याला सोड. म्हणजे माणसाच्या पोराला आकडी आली तर आळ कुत्र्यावर. आणि कुत्र्यालाच आकडी आली तर? सूत्रकार गप्प आहेत. काकांची चप्पल त्या मानाने साधा विधी म्हणायची.

ग्रीकांकडे इसवी सनापूर्वी 400 च्या आसपास हिपोक्रेटिसच्या नावावरच्या एका ग्रंथात, तेव्हा 'पवित्र रोग' म्हणत त्या या दुखण्यात पवित्र वगैरे काही नाही, ते मेंदूचं दुखणं आहे, असं लिहिलं गेलं. पुरावा म्हणून लेखक जनावराकडेच जातो. बकऱ्यांनाही हा रोग होतो, अशा बकरीचं डोकं उघडून बघा, मेंदू पाण्याने भरलेला आणि दुर्गंधी येणारा सापडेल. मला हा युक्तिवाद फार आवडला. बकरी काही पाप करत नाही, तिच्यावर देव कशाला कोपेल?

पण कुत्र्याच्या बाबतीत देवापेक्षा मोठी अडचण रेबीजची होती. फेस, झटके, ओळख न पटणं हे सगळं बघणाऱ्याला पिसाळण्यासारखंच दिसतं. कुत्र्याच्या जिभेखाली एक किडा असतो, तो कापून काढला की कुत्रा पिसाळत नाही, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं. तो 'किडा' म्हणजे जिभेखालचा एक साधा तंतू, पण युरोपात पुढे शतकानुशतकं पिल्लांच्या जिभेखाली तो कापला जात होता. माझी बोटं बुंदीच्या तोंडात जिभेच्या भीतीनेच गेली होती, तेव्हा मी प्लिनीला हसत नाही. (फिटमध्ये कुत्रा जीभ गिळत नाही. चावली जाऊ शकते, गिळली जात नाही.)

मुंबईत 1832 साली काय झालं ते काहींना ठाऊक असेल. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता, मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. 6 जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, कुत्री मारणारे पोलीस फोर्टात फिरले आणि दंगल उसळली. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर प्रेतावर पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. हे सगळं ज्या भीतीतून सुरू झालं ती पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती खरीच होती, रेबीजवर तेव्हा काही उपाय नव्हता. पण आठ आण्यांसाठी काठी उचलणारा माणूस समोरचं कुत्रं पिसाळलंय, फिटमध्ये आहे की नुसतं झोपलंय हे थोडंच बघणार.

लंडनमध्ये विल्यम युअट या पशुवैद्याने 1845 साली कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात फेफऱ्याबद्दल वेगळं आणि रेबीजबद्दल वेगळं लिहिलं. म्हणजे जाणकारांना फरक माहीत होता. तरी चाळीस वर्षांनी, 1880च्या दशकात, त्याच शहरात रेबीजची धास्ती पसरली तेव्हा पोलिसांनी रस्त्यात कुत्री दंडुक्यांनी मारली आणि त्यांतल्या कित्येकांना नुसती फिट आली होती अशी तक्रार पशुवैद्यांना करावी लागली. आमच्या वॉचमनला मी दोष देत नाही. त्याच्या गावात रेबीजने माणूस गेलेला त्याने पाहिला आहे.

फरक ढोबळमानाने असा. फिट अचानक येते, मिनिट-दोन मिनिटांत थांबते, आणि काही वेळाने कुत्रा पुन्हा आपला स्वतःचा होतो, ताटली शोधत येतो. रेबीजमधून कुत्रा परत येत नाही. वागणं बदलतं, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आणि लक्षणं दिसल्यावर साधारण दहा दिवसांत तो जातो. शेवटी शेवटी त्यालाही झटके येऊ शकतात. म्हणून लस न टोचलेलं, अनोळखी कुत्रं असेल तर लांबूनच बघावं आणि जाणकारांना बोलवावं. फिटमध्ये असो वा नसो, अशा कुत्र्याचा दात लागला तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता ती गोष्ट.

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कुत्र्यांना एक विचित्र आजार व्हायला लागला. चांगलं खेळतं कुत्रं एकाएकी भेसूर ओरडायचं, डोळे फाडून आंधळ्यासारखं धावत सुटायचं, भिंतीवर, कुंपणावर आपटायचं, नाहीतर अंधाऱ्या कोपऱ्यात घुसून थरथरत बसायचं. मग आकडी. थोड्या वेळाने सगळं ठीक, आणि पुन्हा काही दिवसांनी तेच. शिकारी कुत्र्यांच्या कळपात एकाला झालं की बाकीच्यांनाही व्हायचं, त्यामुळे साथीचा रोग असावा असं वाटे. त्याला नाव पडलं 'कॅनाइन हिस्टेरिया', कुत्र्यांचा उन्माद. नाव दिलं की कळल्यासारखं वाटतं, एवढाच त्या नावाचा उपयोग.

कारणं शोधताना लोकांनी काही शिल्लक ठेवलं नाही. कुणी जंत म्हणालं, कुणी कानातले किडे, कुणी आनुवंशिक दोष, कुणी जीवनसत्त्वांची कमतरता. डिस्टेंपरवर संशय येणं तर साहजिकच होतं, कारण तो विषाणू मेंदूपर्यंत पोचला की खरोखरच झटके आणतो. डिस्टेंपरवर इंग्लंडमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी 1920च्या दशकातच लस शोधली, तीही शिकारप्रेमींच्या एका मासिकाने वाचकांकडून गोळा केलेल्या निधीवर. आपल्याकडे लस न दिलेल्या पिल्लांमध्ये आजही झटक्यांचं हे एक मोठं कारण आहे. पण या उन्मादाचं कोडं लशीने सुटलं नाही. मालकांनी कुत्र्यांना बांधून ठेवलं, जुलाब दिले, शेवटी कित्येकांनी गोळी घातली. वीस-पंचवीस वर्षं हे चाललं.

एडवर्ड मेलनबी हा इंग्रज वैद्यक संशोधक कुत्र्यांच्या आहारावर आयुष्यभर काम करत होता. मुडदूस आहारातल्या उणिवेने होतो हे त्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांतूनच दाखवलं होतं. म्हणजे धान्य खाणारी कुत्री त्याला नवी नव्हती. त्याने लक्ष कुत्र्यांच्या ताटलीकडे वळवलं. त्या काळी घरच्या कुत्र्याला काय मिळायचं? पाव, आणि मैद्याची कुत्र्यांची बिस्किटं.

इथे थोडं मैद्याबद्दल. ताजा दळलेला मैदा पिवळसर असतो आणि त्याचा पाव नीट फुगत नाही. काही आठवडे तो तसाच ठेवला की मुरतो, पांढरा होतो. पण गिरणीला आठवडे कोण देणार? म्हणून 1920च्या सुमारास एक युक्ती निघाली. मैद्यातून नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायू सोडायचा, की काम तिथल्या तिथे. या प्रक्रियेचं नाव 'एजीन'. या रसायनाचा स्वभाव मुळात भयंकर. 1811च्या सुमारास ते शोधणाऱ्या द्यूलाँगने स्फोटात एक डोळा आणि बोटं गमावली. पुढच्याच वर्षी हम्फ्री डेव्हीचे डोळे त्याने दुखावले, लिहायला मदतनीस हवा म्हणून डेव्हीने एका बुकबाइंडरच्या उमेदवाराला हाताशी घेतलं, तो मायकेल फॅरेडे. विषयांतर झालं, पण राहवलं नाही. तर शंभर वर्षांनी हाच पदार्थ, अगदी थोड्या प्रमाणात, पावाच्या कामाला लागला. ब्रिटनमधला बहुतेक पांढरा मैदा याच वायूतून जायला लागला.

मेलनबीने साधी गोष्ट केली. काही कुत्र्यांना एजीन लावलेल्या मैद्याचं अन्न दिलं, काहींना तोच मैदा वायू न लावता. पहिल्या गटाला उन्माद झाला, दुसऱ्याला नाही. मैदा बदलला की झटके थांबायचे. डिसेंबर 1946 मध्ये त्याने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी लगेच करून बघितलं, तसंच निघालं. पुढच्या तीन-चार वर्षांत नेमकं विषही सापडलं. वायू मैद्यातल्या प्रथिनांशी, त्यांतल्या मेथिओनिनशी मिळून मेथिओनिन सल्फॉक्सिमाइन नावाचा पदार्थ बनवतो. मेंदूत ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचं ग्लुटामिनमध्ये रूपांतर करणारं एक विकर असतं, त्याचं काम तो बंद पाडतो. मेंदूचा लगाम सुटतो. तो पदार्थ आजही प्रयोगशाळांत वापरतात, प्राण्यांत आकडी मुद्दाम आणायची असते तेव्हा.

म्हणजे कुत्रं ना पिसाळलं होतं, ना त्याला उन्माद झाला होता. ते पाव खात होतं. तोच पाव टेबलावर मालकही खात होता.

माणसांवर असा परिणाम होतो हे सिद्ध झालं नाही. तरी अमेरिकेने 1949 मध्ये एजीन बंद केलं. ब्रिटनमध्ये ते पूर्ण थांबायला 1955 साल उजाडलं. मेलनबीचा लेख आणि ही तारीख यांच्यातली नऊ वर्षं मला खटकतात. पर्यायी पद्धत बसवायला वेळ लागतो, मान्य. पण तेवढ्या काळात काही कुत्र्यांना गोळी घातली गेलीच असणार.

मी डॉक्टरांना ही गोष्ट उत्साहाने सांगितली आणि बुंदीचा ब्रेड बंद करू का विचारलं. ते हसले. "एजीन आता कुठे नाही. पण प्रश्न बरोबर आहे. तिने काय खाल्लं हे मी तुम्हाला पहिल्या दिवशीच विचारलं होतं, तुम्ही रडत होतात." मग त्यांनी यादीच सांगितली. चॉकलेट, झायलिटॉल असलेलं च्युइंगगम, उंदराचं औषध, गोचिडांचं औषध जास्त लागणं. लहान पिल्लात साखर उतरणं, पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीत कॅल्शियम उतरणं. यकृत, मूत्रपिंड, डोक्याला मार, म्हाताऱ्या कुत्र्यात गाठ. हे सगळं तपासून काही सापडलं नाही, कुत्रा सहा महिने ते सहा वर्षांच्या मधला असला, आणि चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन फिट येऊन गेल्या, तर इडिओपॅथिक एपिलेप्सी म्हणायचं. इडिओपॅथिक म्हणजे कारण बाहेर सापडत नाही. काही जातींत ते जनुकांत सापडलंय. बुंदी कुठल्याच जातीची नाही, त्यामुळे तिच्या जनुकांवर कुणी पैसे खर्च करत नाही.

तिची गोळी आहे फेनोबार्बिटल. तिचीही गोष्ट आहे. 1912 साली जर्मनीत फ्रायबर्गला आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर एपिलेप्सीच्या वॉर्डाच्या वर राहायचा. रात्री रुग्ण फिट येऊन पडायचे, त्याची झोप मोडायची. त्यांना शांत झोप लागावी म्हणून त्याने नवीनच आलेलं झोपेचं औषध दिलं, ल्युमिनल. रात्रीच्या फिट कमी झाल्या. आणि दिवसाच्याही. हाउप्टमान ज्यू होता. 1935 मध्ये त्याची प्राध्यापकी गेली, 1938 मध्ये त्याला डाखाउच्या छळछावणीत टाकलं, तिथून सुटून तो अमेरिकेला गेला आणि 1948 मध्ये वारला. बुंदीच्या गोळीच्या पट्टीवर त्याचं नाव नाही, मी रोज सकाळ-संध्याकाळ घेतो.

याच्याआधीचं औषध पोटॅशियम ब्रोमाइड, 1857 पासूनचं. माणसांनी ते केव्हाच मागे टाकलं, कुत्र्यांना ते अजून देतात. उलट माणसांत गाजलेलं फेनिटॉइन कुत्र्यांच्या कामाचं नाही, त्यांचं शरीर ते काही तासांत संपवून टाकतं. आणि फिट मेंदूच्या पृष्ठभागावरून सुरू होऊ शकते हे कळलं तेही कुत्र्यांमुळेच. 1870 मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी हिट्झिगच्या घरी, म्हणतात की त्याच्या बायकोच्या ड्रेसिंग टेबलावर, कुत्र्यांच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका प्रवाह लावला. उलट्या बाजूचा पाय हलला. प्रवाह वाढवला तर आकडी आली. हे वाचताना बुंदी पायाशी झोपली होती. मी लॅपटॉप मिटला.

गोळी सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस बुंदी दारू प्यायल्यासारखी चालायची, अखंड भुकेली, अखंड तहानलेली, घरभर लघवी. औषध रक्तात स्थिर व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो, म्हणून घाबरून ते बंद करायचं नाही. एकदम बंद केलं तर भयंकर फिट येतात. ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं, औषधाची पातळी आणि यकृत. खर्च आहे. नाही म्हणत नाही.

दुसरी फिट पहिलीनंतर सव्वा महिन्याने आली होती, पहाटे. या खेपेला मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. टीपॉय सरकवला, डोक्याजवळ उशी लावली, दिवा मंद केला, पंखा वाढवला. तोंडाजवळ हात नेला नाही, पाणी पाजलं नाही, धरून ठेवलं नाही. आईने व्हिडिओ काढला, हात थरथरत असल्यामुळे तो अर्धा फरशीचाच आहे, पण डॉक्टरांना पुरला. पाच मिनिटं हा आकडा डोक्यात पक्का होता. पाचच्या पुढे गेली, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, किंवा मधे शुद्धच आली नाही, तर गाडीत घालून थेट दवाखाना. शरीर तापतं, मेंदूला इजा होते. डॉक्टरांनी अशा वेळी गुदद्वारातून द्यायचं औषध लिहून दिलं आहे, ते फ्रिजवरच्या डब्यात असतं.

दार वाजलं. काका होते. चप्पल पायात होती, हातात नव्हती. ते दारातच उभे राहिले, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून. बुंदीचे पाय हळूहळू थांबले.

"माझ्या घड्याळात एक चाळीस," काका म्हणाले. "तुझ्यात?"

"एक बावन्न. तुम्ही उशिरा सुरू केलं."

"मी जिन्यात होतो."

बुंदी वीस मिनिटं टीपॉयभोवती फिरली, दोनदा काकांना धडकली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या ताटलीपाशी उभी राहिली.